लाल दोऱ्याचा ट्रे

स्वप्नालीने लाल दोरा बांधलेल्या ट्रेमधली रेशीमअळी चिमटीत अलगद धरून वजनकाट्यावर ठेवली, आकडा पाहिला, उचलली आणि पुन्हा ठेवली. आकडा तोच आला.

"काकी, हीपण जाड झालीय."

काशीकाकींनी नुसती मान हलवली. सोमवार होता. बावीस वर्षं त्या सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन पाळत होत्या. मांजर्लीत पुराचं पाणी जिन्याला लागलं तेव्हासुद्धा त्यांनी नवऱ्याला खुणा करूनच सिलिंडर वर चढवायला लावला होता.

पुतणीने, स्वप्नालीनेच, आपला प्रयोग त्यांना समजावला होता. अळीच्या अंगात एक एन्झाइम असतं, ते खाल्लेल्या पाल्याची चरबी करतं. लाल दोऱ्याच्या ट्रेमध्ये वीस अळ्या; त्यांच्या तुतीच्या पानांना ते एन्झाइम दाबणारं औषध लावायचं, की अळ्या बारीक राहतात, वाढ खुंटते. दुसऱ्या ट्रेला साधी पानं. कॉलेजला सुट्टी म्हणून दोन्ही ट्रे घरी आले होते. पहिले चार दिवस सगळं अगदी तसंच घडलं.

मग काकींनी सहज विचारलं, एवढी चरबी या जिवाला कशाला? कोशात शिरली की ती काही खात नाही, त्या चरबीवरच दिवस काढते, असं स्वप्नाली म्हणाली. तिथेच काकींचा जीव अडकला. पुढे एवढा मोठा उपास, आणि या बिचाऱ्या अंगात काही नसताना बसणार? आदल्या दिवशी नीट जेवल्याशिवाय त्यांनी घरात कुणाला उपास करू दिला नव्हता. गुरुवारपासून स्वप्नाली आंघोळीला गेली की त्या औषधाची पानं काढून साधी घालत होत्या.

आता पोरगी फोनवर सरांना सांगत होती की औषध चाललंच नाही. मग बराच वेळ ती नुसती "हो सर" म्हणत राहिली. प्रयोग पहिल्यापासून, म्हणजे परीक्षा पुढच्या वर्षी. फोन ठेवून तिने ओढणीने नाक पुसलं.

दिवेलागणीला चार तास होते. काकींनी तिला पान दाखवलं, अळी दाखवली, मग स्वतःकडे बोट केलं.

"भूक लागली? तू जेवून घे ना काकी."

काकींनी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले.

"मीच चारली गं साधी पानं. गुरुवारपासून."

स्वप्नालीने काट्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं.

"म्हणजे औषध चाललं होतं," ती हळूच म्हणाली. "थांबवल्यावर चरबी परत धरली." तिने वही ओढली. "किती पानं, किती वाजता? नीट सांग."

काकी सांगू लागल्या, आणि मग थांबेनात. रोज आठ पानं, देठ खुडून. कोपऱ्यातल्या अशक्त अळीला अर्धं जास्तीचं, तिला त्या बनू म्हणत.

सोमवारी बायकोचा आवाज ऐकून हरिचंद्रकाका बाहेरच्या खोलीतून धावत आले. दाराची चौकट धरून उभे राहिले, चेहरा पडलेला.

"कोण गेलं?"

काकींनी ट्रेवरून एकदा नजर फिरवली.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "वीसच्या वीस आहेत."