बर्फाचे दोन ट्रे

नूपुरने फ्रीझरमधून बर्फाचा खडा काढला, मुठीत आवळला आणि सिंकवर हात धरून उभी राहिली. समुपदेशक सरिता मॅडमनी तसंच शिकवलं होतं. राग आला की बर्फ धरायचा, तो वितळला की रागाचं नाव घ्यायचं, मग ज्याच्यामुळे तो आला त्याला आवाज न चढवता सांगायचं. सांगणं काही नूपुरला अजून जमलं नव्हतं.

वर्गातल्या दोघींना तिने मारलं होतं, एकीचा तर दात हलला होता. पुन्हा हात उचलला तर शाळेतून नाव कमी होणार होतं. बाबांनी, म्हणजे देवदत्तने, बजावलं होतं, "घरीसुद्धा काही फेकलंस तर खलास. मायलेकी परत नाशिकला."

फ्रीझरमध्ये आईचे दोन ट्रे असत. सौदीतल्या धाहरानात पिण्याचं गोडं पाणी विकत आणावं लागे, म्हणून सरबताचा बर्फ त्याचा. नूपुरच्या रागाला नळाचं खारट पाणी पुरे, असं आईचं, विभावरीचं, म्हणणं. मॅडमच्या वर्गालाही ती सोबत जाई आणि मागच्या खुर्चीवर विणत बसे. नूपुरला कोडं एकच होतं. आपण चार दिवस शांत असलो तरी आपला ट्रे निम्मा रिकामा कसा?

गुरुवारी बाबांच्या ऑफिसातले शिरीषकाका आले. बाबा रंगात आले होते.

"आमच्याकडे थेरपी चालते, बरं का! लेक बर्फ धरून उभी राहते. आईलाच कशातलं काही कळत नाही. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

शिरीषकाका ओशाळं हसले. नूपुरच्या हातात चिवड्याची ताटली होती. ती बाबांच्या अंगावर भिरकावावी असं तिला अगदी मनापासून वाटलं. ताटली टेबलावर आदळून ती स्वयंपाकघरात पळाली.

खारट ट्रे रिकामा होता. आई सिंकपाशी पाठमोरी उभी होती आणि तिच्या मुठीतून पाणी ठिबकत होतं.

"मम्मा, तू पण?"

आईने मान डोलावली. नूपुरला रडूच आलं. मॅडम विचारायच्या तसंच तिने हळूच विचारलं, "नाव काय त्याचं?"

"राग," आई म्हणाली.

मग तिने हात पुसला, सरबताचे ग्लास भरले आणि बाहेर गेली. नूपुर मागोमाग गेली.

"अहो, तुम्ही लोकांसमोर माझ्याबद्दल असं बोललात की मला राग येतो."

आवाज चढला नव्हता. बाबा हसायला गेले, पण ते जमलं नाही.

"हे काय नवीन?"

"नवीन नाही. सरबत घ्या, बर्फ गोड्या पाण्याचा आहे."

कुणीच ग्लास उचलला नाही. नूपुरने टेबलावरची ताटली उचलली आणि बाबांपुढे धरली. चिवडा सांडला नाही.