एक साइज मोठं भोक

मी स्पीकरचा खोका बोलतोय. या, बसा. अगदी कानाशी नको, जरा समोर बसा. माल समोरूनच बघावा.

माझे मालक लहान मुलांचे तयार कपडे विकतात. दुकानामागच्या खोलीत प्लायवूड कापून त्यांनी मला स्वतः घडवलं. हवा आत-बाहेर करायला खोक्याला एक गोल भोक लागतं. त्याने खर्जाला भारदस्तपणा येतो. भोक किती मोठं हवं, याचं गणित त्यांनी चोख मांडलं होतं. पण करवत हातात आली आणि सवय आडवी आली. उभा जन्म गिऱ्हाइकांना सांगण्यात गेलेला, "एक साइज मोठंच घ्या, पोर वाढतंय." भोकही एक साइज मोठं कापलं. मी काही वाढणार नव्हतो, हे लक्षात आलं तेव्हा भुसा झाडून झाला होता.

पहिलंच गाणं लावलं आणि मी घुमलो. मालकीणबाई म्हणाल्या, "गातेय ती बाई ना? मग मागे म्हैस का हंबरतेय?"

मला रविवारपर्यंतची मुदत मिळाली. तोवर सुधारलो नाही, तर माझं चपलांचं कपाट व्हायचं होतं. अहो, गाण्यासाठी जन्माला आलेल्याने बुटांचा वास घेत दिवस काढायचे?

मालक म्हणाले, "अस्तर कमी पडतंय." आतून लोकर, कापूस असं मऊ काही भरलं की घुमणं दबतं, हे खरं. पण हा माणूस थांबेना. आधी न खपलेली झबली आली, मग उशांमधला कापूस, शेवटी धाकट्या भावाचा लोकरी स्वेटर. दिवस थंडीचे. माझं घुमणं तसंच. घरची माणसं मात्र गारठली.

रविवारी भावाने स्वेटर काढायला भोकातून हात घातला आणि कोपराच्या वर अडकला.

"वहिनी, हात निघत नाहीये."

मालकीणबाईंनी थेट करवत आणली. मालक मला मिठी मारून बसले. "खोका कापायचा नाही. हाताचं काहीतरी बघा."

"म्हणजे हात कापायचा का, दादा?"

"तसं कुठे म्हटलं मी? साबण लावून बघू."

साबण येईपर्यंत भावाला जरा धीर यावा म्हणून मालकांनी गाणं लावलं. आणि मी गायलो. घुमणं नाही, हंबरणं नाही. हातामुळे भोक नेमकं एक साइज लहान झालं होतं. खर्ज कसा, गादीवर पाऊल पडावं तसा.

मालकीणबाई साबण हातात घेऊन तशाच उभ्या. साबण बाजूला ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, फार दुखतंय का?"

"नाही हो. उलट आत ऊब आहे."

"मग एवढं कडवं होऊ द्या."

कडवं झालं, गाणं झालं, पुढची दोनही झाली. चहा त्याला डाव्या हातात मिळाला. अडकलेला हात शेवटी साबणानेच निघाला. कपाटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे मालकांनी शर्टाच्या बाहीत कापूस ठासून तेवढ्याच जाडीचा नकली हात केला. वाजतो बरा. पण भाऊ ऐकेल तर शपथ. "त्यात जीव नाही, दादा," म्हणतो, नकली हात बाहेर काढून ठेवतो आणि स्वतःचा घालून बसतो. पाहुणे आले तरी उठत नाही. त्यांनी गाण्याची तारीफ केली की मान लववून "आभारी आहे" म्हणतो.

माझं उत्तम चाललंय. तुम्हाला एवढंच सांगणं, घरी खोका कराल तर भोक मापाचंच कापा. घरोघरी असा भाऊ असेलच, असं नाही.