पटाबाहेरचा वजीर

मी जादा वजीर बोलतोय. काळा, शिसवी लाकडाचा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याच्या जागी उभं राहायचं, एवढ्यासाठीच कारागिरानं मला घडवलं.

पण क्लबात मला विचारतो कोण! पहिला वजीर पटावर असतानाच प्यादं पोचलं, तर लोक मारलेला हत्ती उलटा ठेवत आणि म्हणत, "हा वजीर समजा." अकरा वर्षं मी पेटीत लोळलो. माझ्या बुडाचं हिरवं कापड तेवढं कोरं राहिलं.

आमच्या क्लबात एक बाई आहेत. दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या, संध्याकाळी खेळायला यायच्या. खेळ पक्का, पण समोरच्यानं बरोबरी मागितली की यांचा हात लगेच पुढे. नावच पडलं 'बरोबरीताई'.

यंदा क्लबच्या खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या शेवटच्या फेरीला पहिल्या पटावर पोचल्या. क्लबांनी आपापले संच आणायचे होते, म्हणून मीही गेलो. समोर गणिताचे मास्तर, अर्ध्या गुणानं पुढे. त्यांना बरोबरी पुरत होती. बाईंना जिंकणंच भाग होतं.

पंचांच्या टेबलावरच्या उघड्या पेटीतून मी बघत होतो. चौथ्या तासाला मास्तरांनी कपाळ पुसलं.

"बरोबरी घेता, ताई? दोघंही दमलोय."

बाईंचा हात सवयीनं उचलला गेला. मी मनात म्हटलं, झालं! पण तो हात प्याद्यावर उतरला.

"नाही मास्तर. खेळू या."

मास्तरांनी जिवाचं रान केलं, पण प्यादं हटेना. ते शेवटच्या घराच्या तोंडाशी आलं तेव्हा बाईंच्या घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. त्यांचा हात हत्तीकडे गेला आणि थबकला. स्पर्धेत उलटा हत्ती हत्तीच धरतात! त्यांनी घड्याळ थांबवलं, हात वर केला.

"पंचसाहेब, वजीर द्या."

पंचांनी मला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा पटाचा गारवा बुडाला लागला. चार चालींत मात!

मास्तरांनी हात मिळवला. "बरोबरी घेतली असतीत, तर कप माझा होता."

"म्हणूनच नाही घेतली," बाई म्हणाल्या, आणि दोघंही खळखळून हसले.

दारातूनच त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, जिंकले! हो हो, जिंकलेच!" बोलता बोलता रडल्या.

आता क्लबात डाव मांडताना मला पटाशेजारी उभं करतात. तुम्हीही खेळायला बसाल तेव्हा जादा वजीर हाताशी ठेवा. जिंकायची तयारी आधीपासून असलेली बरी.