सेंगलावहिनींचा होकार
नदीकाठच्या सात घरांचे होकार इंथा गुरुजींनी नऊ दिवसांत मिळवले, आणि त्यांची मान ताठ झाली. होणारच. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेला माणूस, निम्म्या गावाचे कान त्यांनी पिळलेले. त्यांना नाही कोण म्हणणार?

बेत साधा होता. बारा वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरानंतर कुणा शहाण्यांनी नदी सरळ करून टाकली आणि वळणाचा जुना प्रवाह बुजवला. तेव्हापासून पाणी नुसतं धावत सुटलं. मासे अंडी घालायला थांबेनात. थंडीत दगडांवर धरणारं ते लांब केसांसारखं हिरवं शेवाळही गेलं. तीळ-मिरची लावून केळीच्या पानात भाजलेलं ते शेवाळ चिकट भाताबरोबर खाल्लं नाही, तर थंडी आली कशाला म्हणायची? म्हणून पावसाच्या आत, जुन्या प्रवाहाच्या शेजारून, नदीला पुन्हा तसंच वळण खोदून द्यायचं ठरलं. मग दर महिन्याला पाण्याची उंची, मासे आणि दगडाखालचे किडे मोजून वहीत लिहायचे.

सातवं घर सेंगलावहिनींचं होतं. त्या गुरुजींच्या जिवलग मित्राच्या, खामफूच्या पत्नी. खामफू जाऊन आठ वर्षं झाली होती. नकाशावरची रेघ त्यांच्या बागेतून, थेट काठावरच्या चिंचेवरून जात होती.

"वहिनी, चिंच तोडावी लागेल बरं का."

"हो, गुरुजी."

"तुमची काही हरकत?"

"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असेल. पाणी घ्या ना."

वहिनींनी सही केली. नंतर गुरुजींनी चिंचेला लाल चिंधी बांधली, लाल म्हणजे तोडायचं. तेव्हा त्या बुंध्यावरून हात फिरवत उभ्या होत्या. गुरुजींनी ते पाहिलं, पण त्यांचं लक्ष गाठीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोकलेन आलं. चालवणारा बुनसोंग गुरुजींचाच जुना विद्यार्थी, वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारा. चिंचेपाशी त्यानं मशीन थांबवलं, टोपी काढली आणि चक्क हात जोडले.

खोडाला भगवं वस्त्र गुंडाळलेलं होतं.

"गुरुजी, या झाडाला तर दीक्षा दिलीय!" बुनसोंग ओरडला. "म्हणजे हा भिक्षू झाला. याच्यावर मी मशीन घालू? छे छे! हे पाप माझ्या माथी नको. दुसरा माणूस बघा."

"अरे, काल तर मी इथं..." गुरुजी बोलता बोलता थांबले.

वस्त्र जुनं होतं, धुऊन धुऊन विटलेलं. एका कोपऱ्याला ठिगळ होतं आणि त्याचे टाके इतके वेडेवाकडे की पोरंसुद्धा हसली असती. ते टाके गुरुजींनी ओळखले, कारण ते त्यांनीच घातले होते. पन्नास वर्षांपूर्वी ते आणि खामफू एकाच पावसाळ्यात विहारात भिक्षू म्हणून राहिले, आणि खामफूचं वस्त्र कुंपणाला अडकून फाटलं होतं. पावसाळा संपून भिक्षूचं चीवर उतरवल्यावर खामफूनं आधी ही चिंच लावली आणि मग सेंगलाला मागणी घालायला गेला. लाजून लाजून अर्धमेला झाला होता गाढव! गुरुजी सोबत होते. आणि हे सगळं ते साफ विसरले होते.

त्यांनी मागे पाहिलं. वहिनी कुंपणापाशी खाली मान घालून उभ्या होत्या. हात एकमेकांत घट्ट धरलेले.

आता कुठं गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे गुरुजींना तोंडावर नाही म्हणतात का? जिभेवर आलेलं नाही लोक गिळतात आणि वर पाणी विचारतात. हे काय त्यांना माहीत नव्हतं? याच गावात जन्मले ते!

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी होती. चिंचेपासून दहा पावलांवर त्यांच्या स्वतःच्या लिचीची सहा झाडं होती. वळण तिथूनही जाऊ शकलं असतं. नकाशावर रेघ त्यांनीच ओढली होती. चिंचेवरून सरळ जाते, असं त्यांनी नदीचं काम बघणाऱ्या गावच्या समितीला सांगितलं होतं आणि स्वतःलाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"गुरुजी, हे तुम्हीच बांधलंत का?" बुनसोंगनं विचारलं.

खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर कोपऱ्यात उभं करणारे गुरुजी म्हणाले, "हो. मीच. लाल कापड संपलं होतं."

"मग खोदू कुठून?"

"लिचीतून."

"तुमच्या?"

"माझ्याच. बघत काय बसलास? चालव!"

त्या आठवड्यात ते उरलेल्या सहा घरी पुन्हा गेले. या वेळी नकाशा पिशवीतच ठेवला, चहा प्यायले, वाट पाहिली. एका घरी तिसऱ्या कपानंतर मालक हळूच म्हणाला की कुंपण जरा मागे घेता आलं तर बरं होईल. नकाशावरच्या दोन रेघा बदलल्या.

पाऊस येऊन गेला. थंडी पडली. पाणी चिंचेला वळसा घालून सावकाश वाहू लागलं. तिथली मोजपट्टी रोज वाचायचं काम वहिनींनी मागून घेतलं होतं आणि एकही दिवस त्यांनी चुकवला नव्हता.

महिन्याच्या मोजणीला गुरुजी आले, तेव्हा वहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि काडीवर हिरवं शेवाळ गुंडाळत होत्या. टोपली अर्धी भरली होती. 

"आलं की हो," ते म्हणाले.

"आलं." वहिनींनी पानाची एक पुडी त्यांच्या हातात दिली. भाजलेल्या शेवाळाचा खरपूस वास सुटला होता. पुडीखाली धुऊन घडी घातलेली लाल चिंधी होती. "ही तुमची. द्यायची राहिली होती."

गुरुजींनी चिंधी खिशात ठेवली. मग त्यांनी कामाचं काढलं. "ही मोजपट्टी पुरात टिकायची नाही, वहिनी. चिंचेच्या खोडालाच ठोकून टाकू. चार खिळे मारले की झालं."

वहिनींनी तोंड उघडलं, मिटलं. पाण्याकडे पाहिलं. काडीवरचं शेवाळ उगाच सारखं केलं.

"नाही, भावोजी," त्या म्हणाल्या. लग्नात म्हटल्यानंतर आजच त्यांनी त्यांना भावोजी म्हटलं. "खिळे नकोत त्याला."

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "त्याला नकोत."