सुई टोचून ठेवलेलं दुपटं

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसाल तर अर्धी गोष्ट पंख्याच्या घरघरीत जाईल. आज कुठल्या राजाराणीचं आख्यान नाही, आपल्या पंचवटीतल्या प्रतिभाबाईंच्या रागाचं आहे. राग वाईट, हे आपण कीर्तनात हजारदा ऐकतो आणि माना डोलावतो. पण एखादा राग असा असतो की तो आला नाही, तर माणसाच्या काळजात काही शिल्लक आहे का अशी शंका यावी. तसल्या रागाची गोष्ट सांगते. उठून जाऊ नका, माझं मागणं शेवटी आहे.

प्रतिभाबाईंना वेडं दोन. एक कीर्तनाचं, दुसरं गोधडीचं. सप्ताह कुठेही बसो, बाई पहिल्या रांगेत; आणि कीर्तनातून घरी आल्या की चष्मा नाकावर आणि कापड मांडीवर. खिडकीशी शिलाई मशीन होतं, पण त्यावर पिशव्या आणि उशांचे अभ्रे. गोधडीला मात्र हातच. धावदोऱ्याचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकाला एक लागून, पोराबाळांना शाळेत रांगेत उभं करावं तसे. यजमान कुंदनराव ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. ते आल्यागेल्याला सांगत, आमच्याकडे शर्ट वाळत घातला तर तो शर्ट म्हणूनच परत मिळेल याची खात्री नाही. बाई हसत. पाहुणेही हसत. आणि जाताना हळूच विचारत, आमच्यासाठी एक करून द्याल का?

तर मुलगी दिशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारसं रविवारी ठरलं. आता बाळाला दुपटं हवं, आणि दुपटं कधी नव्या कापडाचं करत नाहीत. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं. जुनं, शेकडो पाण्यातून निघालेलं सुती हवं. प्रतिभाबाईंनी कपाटाच्या तळातून आईचं लुगडं काढलं.

त्यांची आई साळूबाई, मखमलाबादच्या मळ्यातली. झेंडू, शेवंती, मधल्या सरीत मेथी. पहाटे फुलांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला यायची ती ह्याच अंजिरी लुगड्यात. पाटाच्या पाण्यात धुऊन धुऊन ते असं मऊ झालं होतं की हातात धरलं तर धरल्यासारखं वाटायचं नाही. साळूबाई गेल्या तेव्हा बाकीची लुगडी भावजयांनी वाटून घेतली. हे एकच प्रतिभाबाईंच्या वाट्याला आलं, कारण ते विरलेलं होतं. चार वर्षं त्यांनी त्याला कात्री लावली नव्हती. नातीसाठी लावली.

अर्धं दुपटं शिवून झालं होतं. सोमवारी चार वाजता कीर्तनाला निघताना बाईंनी आईनं शिकवलं होतं तसं केलं. साळूबाई म्हणायच्या, काम अर्ध्यावर टाकून उठलीस तर सुई कापडातच टोचून ठेव, म्हणजे कापडाला कळतं की बाई परत येणार आहे. बाईंनी सुई टोचली, दुपटं घडी करून उरलेल्या तुकड्यांबरोबर जुन्या चादरीत बांधलं आणि गाठोडं मशीनखाली सरकवून निघाल्या.

त्या दिवशी बुवांचं कीर्तन काय रंगलं होतं म्हणून सांगू. देव म्हाताऱ्या भिकारणीचा वेष घेऊन भक्ताच्या दारी येतो, भक्त पूजेत दंग, आणि घरचे तिला हाकलून देतात. बाईंचा पदर ओला झाला. बुक्का लावून, प्रसाद घेऊन, डोळे पुसत त्या घरी आल्या.

घरात ओट्यावर तीन ताटल्यांचं नवंकोरं इडलीपात्र झळकत होतं. शेजारी कुंदनराव, लढाई जिंकून आल्यासारखे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडीवाली आली होती, त्यांनी सांगितलं. ती आधी नुसतं पातेलं देत होती, पण आपण चिवटपणा सोडला नाही. स्वतःचे दोन शर्ट घातले वर, आणि मशीनखालचं ते चिंध्यांचं गाठोडं.

प्रतिभाबाई मशीनपाशी गेल्या. वाकून पाहिलं. मग तिथेच जमिनीवर बसल्या.

तिथूनच त्यांनी तोंड उघडलं आणि मग ते बराच वेळ मिटलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात जे जे गिळलं होतं ते सगळं त्या इडलीपात्रात ओतलं गेलं. विचारायला जीभ झडली होती का? फोन कशाला घेऊन दिलाय? विमानाचा एकेक खिळा मोजून घेणाऱ्या माणसाला गाठोडं सोडून आत बघता येत नाही? दिशा आतून बाळाला घेऊन आली आणि तिनं तोडगा काढला की दुपटं ऑनलाइन मागवू, ऑरगॅनिक कॉटनचं, परवा येईल. त्यावर बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती आल्या पावली आत गेली.

कुंदनरावांना चूक कळली होती. पण कळणं आणि कबूल करणं यांत पुरुषाला फार अंतर वाटतं. कीर्तनात भिंतीला टेकून घोरणारा हा गृहस्थ, त्यानं नेमके बुवांचेच शब्द काढले.

"अगं, तूच घरी येऊन सांगितलंस ना? ज्याला सोडता येतं त्यालाच देव धरता येतो म्हणून. एका फाटक्या लुगड्यात किती जीव अडकवशील?"

"बुवांनी स्वतःचं सोडायला सांगितलंय," प्रतिभाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं नाही."

पण त्या भांडणात कुंदनरावांच्या तोंडून एक उपयोगाची गोष्ट निघून गेली.

भांडीवालीनं बोलता बोलता कुंदनरावांना सांगितलं होतं की बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेच्या घाटावर, ती जुने कपडे घेऊन बसते, नाव ठमाबाई. बाई बुधवारी सकाळीच निघाल्या. वाटेत त्यांनी मनातल्या मनात पूर्ण कीर्तन रचलं. भोळ्या माणसाला फसवून घरातलं नेणाऱ्यांवर, गाठोड्यात काय आहे ते जाणूनबुजून न सांगणाऱ्यांवर. ती आत बघणार नाही होय? तिचा तर धंदाच तो. जेवढा दोष कुंदनरावांनाही दिला नव्हता, तेवढा रामकुंडापर्यंत पोचता पोचता ठमाबाईच्या डोक्यावर चढला होता.

घाटाच्या पायऱ्यांशी कपड्यांचे ढीग लागले होते. एका ढिगामागे साठीची, काटकुळी, हनुवटीवर गोंदण असलेली बाई शर्टांच्या घड्या घालत होती. वर टांगलेला शर्ट कुंदनरावांचा होता. खिशावरची शाईची खूण बाई ओळखणार नाहीत तर कोण? त्यांनी नाव विचारलं, तिनं हो म्हटलं, आणि कीर्तन सुरू झालं. चार माणसं थांबली. दहा थांबली. चोरीचा माल हा शब्द दोनदा आला.

ठमाबाईनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. बाईंचा श्वास संपला तेव्हा तिनं पाठीमागच्या पाटीतून एक पिशवी काढली आणि त्यातून एक घडी.

अंजिरी. सुई टोचलेली जिथे होती तिथेच. दोरा लोंबत होता, गाठ न सुटलेला.

"आता मी बोलू का, ताई?" ती म्हणाली. "सुई टोचलेलं कापड आम्ही इकत नाय. ते टाकलेलं नसतं, ते ठेवलेलं असतं. गाठोडं सोडलं तशी माझ्या बोटालाच लागली. तशीच उठले, घटकाभरात परत तुमच्या दारात. तुमच्या मालकांनी जाळीतनंच सांगितलं, सौदा झाला, भांडं परत मिळायचं नाय. म्या म्हनलं, भांडं ऱ्हाऊ द्या, बाईला बोलवा. तर दार लावलं. मंगळवारी गेले तर वॉचमन वर सोडंना. म्हनला, तुला आत घ्यायचं नाय म्हनून सायबांनी सांगून ठेवलंय. आन आता तुमीच मला चोर म्हनता."

आवाज चढलेला नव्हता. पण तो राग प्रतिभाबाईंच्या रागापेक्षा जुना होता, अनेक दारांवरचा.

प्रतिभाबाईंच्या डोळ्यांसमोर सोमवारची संध्याकाळ आली. घटकाभरात परत, म्हणजे पाच-सव्वापाच. त्या वेळी बुवा वेष पालटून आलेल्या देवाचं सांगत होते आणि त्या पहिल्या रांगेत बसून रडत होत्या. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या दारात ही बाई उभी होती, त्यांच्या आईचं लुगडं हातात घेऊन.

त्या खाली बसल्या, ठमाबाईच्या ढिगाशी, घाटाच्या दगडावर. सगळ्यांसमोर म्हणाल्या, मावशी, चुकले. जे दहा जणांत बोलले ते दहा जणांतच परत घेते. माणसं पांगली; माफी ऐकायला भांडणाएवढी गर्दी थांबत नाही. इडलीपात्र परत आणून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. ठमाबाईनं मान हलवली; सौदा तो सौदा, एक शर्ट इकलाय मी. रविवारच्या बारशाचं आवतण मात्र तिनं ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "वॉचमनला सांगा मंग."

घरी आल्यावर प्रतिभाबाई ओरडल्या नाहीत, आणि कुंदनराव त्यामुळेच जास्त घाबरले. परत आलेल्या बाईबद्दल का सांगितलं नाही, याला त्यांच्याकडे उत्तर होतं: वाटलं, भांडं परत मागायला आली असेल. बाई म्हणाल्या, तेच तर. तुम्हाला तेवढंच वाटलं. लुगडं गेलं त्याचा राग मी गिळला असता, चुकून गेलं. पण दार काही चुकून लागत नाही. ते हातानं लावावं लागतं.

मग त्यांनी निकाल दिला. रविवारी बारशाला कुंदनरावांनी वर नातेवाइकांत मिरवायचं नाही. खाली गेटवर उभं राहायचं, वॉचमनच्या शेजारी, ठमाबाई येईपर्यंत.

आणि राहिले ते. इस्त्रीचा सदरा, हातात घुगऱ्यांचा पुडा. येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, अहो, तुम्ही इथे कसे? ते काय सांगणार! वर पाळणा म्हटला गेला, नाव ठेवलं गेलं, आजोबांना ते फोनवर कळलं. एक वाजला, दोन वाजले. पुडा गार झाला. ठमाबाई आली नाही. रविवारी लोक घरी असतात, धंद्याचा वार. किंवा ज्या दारातून दोनदा परतली तिथे तिसऱ्यांदा यायचं तिनं ठरवलं नसेल. तिचं तिला ठाऊक.

बाळ मात्र अंजिरी दुपट्यात गाढ झोपलं होतं. एका नणंदेनं दुपटं निरखून विचारलं, वहिनी, इथे चार बोटं कड उघडीच राहिली की. प्रतिभाबाई म्हणाल्या, राहिली नाही, ठेवलीय. सुई त्यांनी काढून डबीत घातली होती, बाळाला लागू नये म्हणून. पण तेवढे टाके त्या घालणार नव्हत्या, ते ठमाबाईच्या हातचे हवे होते. बुधवारी दुपटं, डबी आणि कुंदनराव, तिघंही गंगेवर जाणार होते, आणि डबी कुंदनरावांनी स्वतःच्या हातानं पुढे करायची होती. ठमाबाई ती घेईल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

झाली गोष्ट. आता माझं मागणं. उद्या तुमच्या जाळीच्या दाराशी कुणी पाटी घेऊन परत आली, तर ती काही मागायलाच आली असेल असं धरून चालू नका. कडी काढायच्या आधी, आणि लावायच्या आधी तर नक्कीच, ठमाबाईची एकदा आठवण करा.