बीरानिक्कांची उरलेली सात बोटं

मी एक नेलकटर. केरळातल्या मलप्पुरमच्या बाजारात कंगव्यांच्या बरणीत पडून होतो, तिथून सुहरा टीचरनी मला उचललं. तीस वर्षं गणित शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या गावच्या गटात जाऊ लागल्या होत्या. गटाची नर्स षीबा सिस्टर, तिच्या जीपमधून घरोघर जायचं, अंग पुसायचं, केस विंचरायचे, नखं कापायची. मी खुशीत होतो.

पहिलंच घर बीरानिक्कांचं. सुपारीच्या झाडावरून पडल्यापासून त्यांचे पाय लुळे पडलेले. टीचरनी त्यांचं बोट धरलं आणि सुरू झाल्या, "माणसानं खचू नये. वाचन करा, व्यायाम करा..."

तीन बोटं झाली तरी धडा संपेना. चौथ्याला बीरानिक्कांनी हात ओढून घेतला.

"टीचर, मी झाडावरून पडलोय, गणितात नापास नाही झालो. पुन्हा येऊ नका."

जीपमध्ये टीचर फणफणल्या, "चांगलं सांगायला जावं, तर हे!"

षीबा सिस्टरनं एक वही त्यांच्या हाती दिली. "घरी जाऊन लिहा. त्यांच्याबद्दल नको, स्वतःबद्दल."

संध्याकाळी पंख्यानं पान उडू नये म्हणून टीचरनी मला वहीवर ठेवलं, त्यामुळे मला सगळं दिसलं. 'रुग्ण हट्टी आहे,' त्यांनी लिहिलं. मग ती ओळ खोडली. 'पाऊण तास मीच बोलले. त्यांना काय हवंय, एकदाही विचारलं नाही. भीती वाटली. त्यांनी काही मागितलं आणि मला ते जमलंच नाही, तर?'

जन्मभर पोरांच्या चुका काढणारी बाई स्वतःची चूक लिहीत होती. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा दारात उभ्या. "सात बोटं राहिलीत. गणिताची बाई आहे, अर्धवट सोडत नाही. बोलणार मात्र नाही."

बीरानिक्कांना हसू फुटलं. हात पुढे आला. खट्, खट्. शेवटच्या बोटापाशी टीचरनी हळूच विचारलं, "काय करावंसं वाटतं?"

"फुटबॉल बघायचाय. टीव्हीवर नाही. नाकात धूळ गेली पाहिजे!"

"कसं जमवायचं ते मला ठाऊक नाही," टीचर म्हणाल्या. "पण विचारून बघते."

चार ठिकाणी विचारल्यावर व्हीलचेअर मिळाली. उचलायला शेजारचे चौघे आले. आणि रविवारी, कापणी झालेल्या शेतात, बीरानिक्का गोलकीपरच्या नावानं घसा फोडून ओरडत होते.

टीचरनी विचारलं, "अहो, चेंडू त्या कोपऱ्यात का नेऊन ठेवला?"

"बसा टीचर. आता मी शिकवतो."

त्या मुकाट्यानं बसल्या आणि ऐकत राहिल्या.

आता माझी धार गेलीय. टीचरच्या पिशवीत नवा नेलकटर आलाय, मला बीरानिक्कांनी मागून घेतलं. तुमच्या शेजारी कुणी अंथरुणाला खिळून असेल तर जरूर जा. आणि घरी परतल्यावर दोन घटका आपल्याशीच बसा.

येतो मी. बीरानिक्का दोन्ही हातांनी टाळ्या पिटतायत, खिशात माझा नुसता खुळखुळा झालाय. गोल झाला वाटतं!