स्वर्गाच्या गाण्याची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे, बाजाची. भात्याला भोकं पडली आहेत, त्यामुळे आता सुरांपेक्षा धापच जास्त लागते. पण माझंही जरा ऐका.

गिरगावातल्या एका कारागिरानं मला घडवलं. तिथून शांतवनमास्तरांनी मला परळच्या चाळीत आणलं. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि उपासनेसाठी ख्रिस्ती गीतं रचायचे. रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांची बोटं माझ्यावर फिरली की सारी मंडळी डोळे मिटून गायची. काय तोरा होता तेव्हा माझा!

मग त्यांच्या पत्नीला, एस्तेरबाईंना, क्षयानं गाठलं. मास्तरांनी त्यांच्यासाठी स्वर्गावर गीत लिहायला घेतलं. कडवी झाली, चालही बसली, पण शेवटची ओळ काही केल्या जमेना. स्वर्गाचं दार उघडल्यावर आधी काय दिसतं, तिथेच गाडी अडायची. रोज गुणगुणायचे, खोडायचे आणि मला मिटून ठेवायचे.

"अहो, म्हणा ना एकदा," बाई खाटेवरून म्हणायच्या.

"कच्चं गाणं देवापुढं म्हणू नये, एस्तेर."

"देवापुढं नका म्हणू. माझ्यापुढं म्हणा."

मास्तर हसले आणि "रविवारी नक्की" म्हणाले. मला अस्सा राग आला त्यांचा!

तो रविवार यायच्या आत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, गोळ्या सुटल्या, संचारबंदी लागली. औषध आणायला गेलेले मास्तर गिरगावातच अडकले. इकडे बाईंना श्वास पुरेना. शेजारच्या गिरणीकामगाराची बायको अंबिका उशाशी बसली होती. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. अंबिकेला वाजवता कुठलं येतंय! तिनं आपला भाता हलवला आणि एकच पट्टी दाबून धरली. त्या एका सुरावर बाई गायल्या, मित्रांनो.

संचारबंदी सैल होताच मास्तर औषधाची बाटली घेऊन धावत आले. बाई गेल्या होत्या.

"भावजी, तिनं तुमचं गाणं म्हटलंन," अंबिका रडत म्हणाली. "पडल्या पडल्या ऐकून सगळं पाठ झालेलं तिला."

"आणि शेवटची ओळ?"

"तिथं थांबली. म्हणाली, पुढचं हे आले की म्हणतील."

मास्तर माझ्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले.

पुढे शेवटची ओळ आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी जोडून दिली आणि ते गीत देवळादेवळांत गाजलं. लोक म्हणायचे, "मास्तर, स्वर्ग डोळ्यांपुढे उभा केलात!" मास्तर मान हलवायचे. पण ती ओळ त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही. मला तर त्यांनी पुन्हा उघडलंच नाही. आता मास्तरही नाहीत, आणि मी देवळाच्या माळ्यावर पडून आहे.

माझी धूळ पुसा, भाता सांधा, असं मी म्हणेनच, हो! पण त्याआधी घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि त्यांना हवं ते गाणं आजच म्हणा. बेसूर असो, अर्धं असो. ऐकणारं माणूस आहे तोवर म्हणा.